ऑस्ट्रेलियात पहिली यूट घेताय? आधी वजन करा

मेलबर्नचं टार्नीट घ्या नाहीतर सिडनीचं ब्लॅकटाऊन, कुठल्याही नव्या वसाहतीत संध्याकाळी एक चक्कर मारा. दर चार-सहा घरांमागे एक डबल-कॅब यूट, म्हणजे चार दारांची, मागे उघडा हौदा असलेली पिकअप, उभी दिसेल आणि तिचं शेपूट ड्राइव्हवेत न मावून फुटपाथवर आलेलं असेल. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, इथे राहायचं म्हणजे हीच गाडी घ्यायची. जाहिरातीत प्रत्येक यूट नदीतून पाणी उडवत जाते. खऱ्या आयुष्यात त्यातल्या बहुतेकींच्या नशिबी शाळेचं गेट, कोल्स सुपरमार्केटचं पार्किंग आणि फ्रीवेवरची रांग येते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. यूट ही ओझं वाहायची गाडी आहे. तुमच्याकडे वाहायला ओझं असेल तर तिच्यासारखी सोय नाही. नसेल तर तुम्ही पाच मीटर चाळीस सेंटीमीटर लांबीचं एक महागडं दप्तर घेऊन फिरताय. या लेखात दोन्ही प्रकारच्या लोकांसाठी मजकूर आहे, पण कल कुठे आहे ते कळलं असेलच.

ही गाडी इतकी खपते का

थोडा इतिहास लागेल. १९३२ मध्ये व्हिक्टोरियातल्या गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं: रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या, दोन घ्यायला पैसे नाहीत. जिलाँगच्या कारखान्यातल्या ल्यू बँट या तरुण डिझायनरने ती आखली आणि १९३४ मध्ये पहिली फोर्ड यूट बाहेर पडली. पुढची ऐंशी वर्षं यूट म्हणजे पुढून सेडान, मागून हौदा. फोर्ड फाल्कन आणि होल्डन कमोडोर या त्यातल्या दोन घराणेदार जाती.

मग कारखाने बंद झाले. फोर्डने ब्रॉडमेडोजला ऑक्टोबर २०१६ मध्ये कुलूप लावलं, टोयोटाने आल्टोनाला आणि होल्डनने एलिझाबेथला पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. त्याआधीच, २००५ पासून, थायलंडशी मुक्त व्यापार करार लागू झाला होता आणि तिथून येणाऱ्या पिकअपवरचं आयातशुल्क गेलं होतं. टोयोटा हायलक्स, फोर्ड रँगर, मित्सुबिशी ट्रायटन, इसुझू डी-मॅक्स या सगळ्यांचा जन्म थायलंडचा. कमोडोरचा गिऱ्हाईक थाई पिकअपकडे वळला, बांधकाम-कामगारांबरोबर त्यांचे हिशेबनीसही वळले आणि कराच्या नियमांनी मागून ढकललं. आज इथे विकल्या जाणाऱ्या दर पाच नव्या गाड्यांमधली साधारण एक यूट असते. २०१६ ते २०२२ सलग सात वर्षं देशातली सर्वाधिक खपाची गाडी हायलक्स होती. २०२३ आणि २०२४ मध्ये तो मान रँगरकडे गेला.

हे सांगायचं कारण, तुम्हाला विक्रेता सांगेल की ‘सगळे हीच घेतात’. घेतात, खरं आहे. पण त्यामागे शेतकरी, सुतार आणि कर-सल्लागार असे तिघे उभे आहेत. तुम्ही यांपैकी कोण ते आधी ठरवा.

पहिली पायरी: काय वाहणार ते कागदावर लिहा

गंमत करत नाहीये, खरंच कागद घ्या. वर्षभरात काय काय वाहायचं आहे आणि किती वेळा, ते लिहा. ‘कधीतरी फ्रीज आणायचा’, ‘बागेसाठी माती’, ‘घर बदलताना सामान’, ‘मंडळाच्या गणपतीचं मखर’ एवढंच निघालं, तर यूट घेऊ नका. बनिंग्ज या हार्डवेअर साखळीच्या बऱ्याच दुकानांत यूट, व्हॅन आणि ट्रेलर भाड्याने मिळतात. किंवा तुमच्या साध्या गाडीला टो बार (ट्रेलर जोडायचा मागचा दांडा) बसवून घ्या आणि सहा बाय चार फुटांचा बॉक्स ट्रेलर जोडा. ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोपर्यंत ओढता येतो (गाडीची स्वतःची मर्यादा त्याहून कमी नसेल तर) आणि त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. शिवाय यूटवाल्या माणसाला शनिवार-रविवार मोकळा मिळत नाही. ओळखीतलं प्रत्येक घर बदलणारं कुटुंब ‘दादा, जरा तुमची गाडी’ म्हणून फोन करतं.

यादीत ‘रोज अवजारं’, ‘दर आठवड्याला टाइल्स’, ‘अडीच टनांची कॅराव्हॅन’, ‘शेतावर कच्चा रस्ता’ असं काही निघालं, तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: केबिन किती, हौदा किती

तीन प्रकार आहेत. सिंगल-कॅब: दोन-तीन माणसं, लांब हौदा. एक्स्ट्रा-कॅब: पुढच्या सीटमागे थोडी जागा, लहान दारं. डबल-कॅब: चार दारं, पाच माणसं, आखूड हौदा. मागचा भागही दोन तऱ्हांचा. कंपनीकडून येतो तो पत्र्याचा ‘टब’, आणि नुसती चेसिस घेऊन वर बसवायचा तो ॲल्युमिनियमचा सपाट ‘ट्रे’, ज्याच्या तिन्ही बाजू खाली पडतात. आपल्याकडच्या बोलेरो पिकअपची सवय असलेल्याला ट्रे लगेच ओळखीचा वाटेल.

डबल-कॅबचा टब जेमतेम दीड मीटर लांब असतो. प्लायवुडची किंवा जिप्सम बोर्डाची शीट २,४०० बाय १,२०० मिलिमीटरची. म्हणजे सुताराची सगळ्यात साधी वस्तू देशातल्या सगळ्यात लोकप्रिय ‘कामाच्या’ गाडीत मागची फळी बंद करून बसत नाही. ऑस्ट्रेलियन पॅलेट १,१६५ मिलिमीटर चौरस. तो दोन चाकांच्या कमानींमध्ये बसतो की नाही हे मोजून घ्या. आताच्या रँगरमध्ये आणि अमारोकमध्ये बसतो. अनेक जुन्या मॉडेल्समध्ये अडतो. टेप घेऊन शोरूमला जा, लाजू नका. विक्रेत्याला हॉर्सपॉवर तोंडपाठ असते, कमानींमधलं अंतर क्वचित.

माझ्या मते जो खरंच माल वाहतो त्याने एक्स्ट्रा-कॅबवर सपाट ट्रे घ्यावा. पण ती शोरूममध्ये दिसायला गरीब दिसते, म्हणून कुणी घेत नाही.

तिसरी पायरी: वजनाचं गणित

इथे थांबून नीट वाचा, कारण सगळ्यात महाग चुका इथेच होतात आणि विक्रेते इथेच सगळ्यात घाई करतात.

प्रत्येक यूटच्या जाहिरातीत ‘३,५०० किलो ओढते’ असं मोठ्या अक्षरांत असतं. हा आकडा खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा तीन शब्दांत लपलेला आहे. कर्ब वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. जीव्हीएम म्हणजे माणसं आणि मालासकट गाडीचं कायद्याने चालेल इतकं कमाल वजन. यातून कर्ब वेट वजा केलं की उरतो तो पेलोड. आणि जीसीएम म्हणजे गाडी अधिक ट्रेलर, दोघांचं मिळून कमाल वजन.

समजा एका यूटचं कर्ब वेट २,३०० किलो, जीव्हीएम ३,२०० आणि जीसीएम ६,२५०. डबल-कॅबच्या बाबतीत हे आकडे अगदी नेहमीचे. मागे ३,५०० किलोची कॅराव्हॅन जोडली, की जीसीएममधून गाडीच्या वाट्याला उरतात २,७५० किलो. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन काढलं की ४५० किलो. आता मोजा: पाच माणसं सुमारे ४०० किलो. उरले ५०. पुढे लोखंडी बुल बार, मागे कॅनोपी (हौद्यावरचं बंद झाकण), जादा बॅटरी, विंच असं काही बसवलं असेल तर कॅम्पिंगची खुर्ची ठेवायच्या आधीच तुम्ही कायद्याबाहेर गेलात.

आणि दुसरी तपासणी वेगळीच. ट्रेलरचं पुढचं टोक टो बॉलवर दाब देतं, साधारण एकूण वजनाच्या दहा टक्के. म्हणजे इथे ३५० किलो. हा दाब गाडीच्या पेलोडमधून जातो. ९०० किलोच्या पेलोडमधून ३५० गेले, ४०० माणसांचे गेले, उरले दीडशे. दोन मर्यादांपैकी जी आधी लागेल ती खरी. मागच्या ॲक्सलची स्वतःची मर्यादा तिसरी, आणि ती बहुतेकांना माहीतच नसते.

वजन जास्त निघालं तर दंड होतोच. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाल्यावर विमा कंपनी त्याच आकड्यावर बोट ठेवू शकते. शंका असेल तर गाडी-कॅराव्हॅन भरून सार्वजनिक वजनकाट्यावर न्या. थोडे डॉलर जातात, पण एका कागदावर सत्य छापून मिळतं.

जीव्हीएम वाढवून घेता येतो: कणखर पाटे, शॉक ॲब्सॉर्बर, नवी प्लेट. पण तो करायचाच असेल तर गाडीची पहिली नोंदणी होण्याआधी करा. नोंदणीआधीची मंजुरी केंद्र सरकारची असते आणि सगळ्या राज्यांत चालते. नोंदणीनंतर केलात तर तुमच्या राज्याचे नियम लागतात. आणि जीव्हीएम वाढला म्हणून जीसीएम वाढतोच असं नाही, हे कागदावर लिहून मागा.

ज्यांना खरंच साडेतीन टनांच्या वर ओढायचंय त्यांच्यासाठी रॅम, सिल्व्हराडो, एफ-१५० या अमेरिकन गाड्या मेलबर्नमध्ये उजव्या हाताच्या स्टिअरिंगला बदलून विकल्या जातात. घोड्यांचे ट्रेलर ओढणाऱ्यांना त्या शोभतात. शहरात त्या चालवणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

घरात लहान मूल असेल तर

चार वर्षांखालच्या मुलांना इथे मान्यताप्राप्त बाळ-सीट सक्तीची आहे, आणि ती वरच्या पट्ट्याने, म्हणजे टॉप टेदरने, गाडीला बांधावी लागते. साध्या एसयूव्हीत हा पट्टा मागच्या सीटच्या पाठीला किंवा डिकीच्या तळाला अडकवला की झालं. यूटमध्ये मागच्या सीटमागे लगेच केबिनची भिंत. त्यामुळे कित्येक डबल-कॅबमध्ये पट्टा आधी एका कापडी फासातून ओवायचा आणि मग दुसऱ्याच सीटमागच्या कडीत अडकवायचा. एका हातात सीट, दुसऱ्या हाताची बोटं त्या फटीत, तोंडात मॅन्युअल. दोन बाळ-सीट असतील तर तिसऱ्या माणसाला मधे बसायला सांगून बघा. म्हणून टेस्ट ड्राइव्हला तुमची स्वतःची बाळ-सीट घेऊन जा आणि शोरूमच्या अंगणातच ती बसवून पाहा. जो विक्रेता वैतागेल तो पुढे सर्व्हिसलाही वैतागणार आहे.

बाबागाडी कुठे ठेवणार याचाही विचार करा. उघड्या टबमध्ये ती भिजते आणि पुढे-मागे घसरते. झाकण, म्हणजे रोलर कव्हर किंवा कॅनोपी, यावर आणखी खर्च. इतकं सगळं करून तुम्ही काय तयार केलंत? एक एसयूव्ही, जिचे मागचे पाटे रिकाम्या गाडीत तुम्हाला खडबडीत रस्त्यावर उडवतात.

डिझेल की प्लग-इन

आजवर हा प्रश्नच नव्हता, यूट म्हणजे डिझेल. आता आहे, आणि नवख्या माणसाचं उत्तर पिढीजात ऑस्ट्रेलियन माणसापेक्षा वेगळं असू शकतं.

आधुनिक डिझेलच्या धुराड्यात काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी अधूनमधून फ्रीवेवर नीट तापावी लागते. घर ते स्टेशन, स्टेशन ते शाळा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो. हा प्रश्न किती मोठा होऊ शकतो हे टोयोटाच्या खटल्यातून दिसलं: २०१५ ते २०२० दरम्यान विकलेल्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर अशा सुमारे २ लाख ६४ हजार डिझेल गाड्यांच्या डीपीएफ यंत्रणेत दोष होता असा निर्णय फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये दिला आणि प्रकरण पुढे हायकोर्टापर्यंत गेलं. तो दोष त्या यंत्रणेचा होता, सगळ्या डिझेलचा नव्हे. पण ज्याचं रोजचं फिरणं छोट्या फेऱ्यांचं आहे त्याने डिझेल यूट घेऊ नये, हे माझं मत त्या खटल्याशिवायही तेच असतं.

प्लग-इन हायब्रिडमध्ये, म्हणजे चार्ज करायची बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेल्या गाड्यांत, २०२४ च्या अखेरीस आलेली बीवायडी शार्क ६ हिने बाजार ढवळून काढला. किंमत ५७,९०० डॉलर अधिक नोंदणीखर्च, ३० किलोवॉट-तासांच्या जवळपास बॅटरी, चार्ज करून रोजचं येणं-जाणं विजेवर, शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत. टबमध्येच विजेचे सॉकेट, त्यामुळे साइटवर करवत चालते. दुसरी बाजू: ही सुरुवातीची शार्क २,५०० किलोच ओढते, पेलोड ७९० किलो आणि लो-रेंज (कठीण चढ-चिखलासाठीचे सावकाश पण जोरकस) गिअर नाहीत. जड कॅराव्हॅनवाल्याला ती नको. पण दिवसा कामावर, रात्री गॅरेजमध्ये चार्जिंग आणि महिन्यातून एकदा लाकडं, असा ज्याचा हिशेब आहे त्याला ती चपखल आहे. तीच तऱ्हा पण ३,५०० किलो ओढणारी हवी तर जीडब्ल्यूएम कॅनन अल्फाची प्लग-इन आवृत्ती आहे, ३७ किलोवॉट-तासांची. फोर्डची प्लग-इन रँगर तेवढंच ओढते, मात्र तिची बॅटरी १२ किलोवॉट-तासांचीही नाही आणि किंमत ७० हजारांच्या वरून सुरू. मला तो सौदा पटत नाही.

फ्लॅटमध्ये राहत असाल आणि चार्जिंग पॉइंट नसेल, तर प्लग-इन घेणं म्हणजे जड बॅटरी फुकट फिरवणं. तेव्हा ट्रायटन, डी-मॅक्स वगैरे साधं डिझेलच बरं, आणि रविवारी एक लांब फेरी मारा.

सरकारचा एक नियम लक्षात असू द्या. १ जानेवारी २०२५ पासून नव्या गाड्यांच्या धुरावर कंपनीनिहाय सरासरी मर्यादा लागू झाली आहे. यूट-व्हॅन वर्गाला २०२५ साठी दर किलोमीटरला २१० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, आणि ती उतरत २०२९ ला ११० ग्रॅम. वजनानुसार थोडं मागेपुढे होतं. सरासरी ओलांडली तर प्रत्येक ग्रॅमला प्रत्येक गाडीमागे ५० डॉलर दंड कंपनीला. २२५ ग्रॅम सोडणारी यूट २०२५ मध्ये १५ ग्रॅमने बाहेर, म्हणजे ७५० डॉलर. तीच गाडी २०२९ मध्ये ११५ ग्रॅमने बाहेर, म्हणजे ५,७५०. कंपनीने पुरेशा इलेक्ट्रिक गाड्या विकल्या तर तो भरून निघतो. म्हणून सगळ्याच कंपन्या एकाएकी हायब्रिड यूट काढू लागल्या, पर्यावरणाचा उमाळा आला म्हणून नाही.

कोणाची घ्यावी

एक युक्ती: जुळ्या बहिणी शोधा. माझदा बीटी-५० आणि इसुझू डी-मॅक्स आतून एकच आहेत. फोक्सवॅगन अमारोक आणि फोर्ड रँगर एका सांगाड्यावर, अमारोक दक्षिण आफ्रिकेत बनते. नवी निसान नवारा ही ट्रायटनवर उभी आहे. दोन्हीकडून भाव मागवा आणि एकीचा भाव दुसरीच्या टेबलावर ठेवा.

वॉरंटी वाचा, नुसती वर्षं मोजू नका. मित्सुबिशी दहा वर्षं किंवा २ लाख किलोमीटर देते, पण सगळ्या सर्व्हिस त्यांच्याच डीलरकडे झाल्या तर. नाहीतर ती अर्धी होते. किया सात वर्षं देते. कियाची टास्मन ४२,९९० डॉलरपासून सुरू होते, चांगली बांधलेली आहे आणि चाकांवरच्या प्लास्टिकच्या भुवयांमुळे लोक तिच्याकडे बघून हसतात. चेहऱ्यावरून सौदा सोडू नका. विकताना मात्र समोरचाही हसेल हे गृहीत धरा. हायलक्सची गोष्ट उलटी: नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखवलेली नवी पिढीसुद्धा जुन्याच सांगाड्यावर आणि ओळखीच्या २.८ लिटर डिझेलवर आहे. तरीही पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा दारात रांग लागेल.

आपल्याकडच्या महिंद्राबद्दल विचारणा होते, म्हणून सांगतो. पिकअप आणि स्कॉर्पिओ दोन्ही इथे मिळतात, स्वस्त आहेत आणि शेतावर काहींना आवडतात. पण चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनला, भारतीय मॉडेलच्या ग्लोबल एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले असूनही, ऑस्ट्रेलियाच्या अँकॅपने डिसेंबर २०२३ मध्ये शून्य तारे दिले. अपघात टाळणारी आपोआप ब्रेकची यंत्रणा, लेन सांभाळणारी यंत्रणा वगैरे त्यात नव्हत्या आणि इथल्या परीक्षेत त्यांना मोठं वजन आहे. अभिमान बाजूला ठेवून तारे बघा, आणि ताऱ्यांबरोबर परीक्षेचं वर्षही बघा.

पैसे आणि कर

ऑफिसातला कोणीतरी सांगेल, ‘यूट घे, टॅक्समध्ये सुटते.’ सगळी भानगड इथून सुरू होते. नियम थोडक्यात असा: कंपनीने कामासाठी दिलेली पात्र यूट असेल आणि तिचा खासगी वापर घर-ऑफिस आणि क्वचित किरकोळ इतकाच असेल, तर कंपनीला फ्रिंज बेनिफिट्स टॅक्स (कर्मचाऱ्याला दिलेल्या सोयींवरचा कर) लागत नाही. स्वतःचा धंदा असेल तर धंद्याच्या वापराइतकाच खर्च वजा करता येतो, आणि एक टन किंवा जास्त वाहण्यासाठी बनलेल्या गाडीला साध्या कारची घसाऱ्याची कमाल मर्यादा लागत नाही. ही सूट शार्कच्या ७९० किलोला मदत करत नाही, हे बघितलंत? पगारदार माणसाला, जो लॅपटॉप घेऊन ट्रेनने जातो, यातलं काहीच लागू नाही. प्लग-इन हायब्रिडवरची फ्रिंज बेनिफिट्सची सवलत नव्या करारांसाठी १ एप्रिल २०२५ पासून संपली, त्यामुळे नॉव्हेटेड लीजवाले (पगारातून हप्ता कापून गाडी देणारे) जुनं कोष्टक दाखवत असतील तर तारीख विचारा. अकाउंटंटला गाडी घेण्याआधी भेटा. नंतर भेटलात तर तो फक्त सहानुभूती देईल.

किमतीबद्दल एकच वाक्य लक्षात ठेवा: ‘ड्राइव्ह-अवे किती?’ पाटीवरच्या आकड्यात स्टॅम्प ड्यूटी, रेगो (नोंदणी), सक्तीचा विमा आणि डीलरचा ‘डिलिव्हरी’ खर्च बहुधा नसतो. न्यू साउथ वेल्समध्ये प्रवासी गाडीला ४५ हजारांपर्यंत ३ टक्के आणि वरच्या रकमेवर ५ टक्के स्टॅम्प ड्यूटी आहे. ६० हजारांच्या अशा गाडीवर १,३५० अधिक ७५०, म्हणजे २,१०० डॉलर. बाकी राज्यांचे दर वेगळे.

डीलरच्या टेबलावर

आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, म्हणून जूनमध्ये सूट खरी असते. डिसेंबर-जानेवारीत मागच्या वर्षीच्या प्लेटच्या गाड्या काढतात. तेव्हा गाडी बनल्याचा महिना विचारा, कारण विकताना पुढचा गिऱ्हाईक तोच विचारणार.

भाव ठरला की तुम्हाला दुसऱ्या खोलीत नेतात. तिथे एक हसतमुख व्यक्ती पेंट प्रोटेक्शन, सीटवरचा फवारा, काचांची फिल्म आणि वाढीव वॉरंटी यांचं पॅकेज दाखवते, महिन्याच्या हप्त्यात मिसळून, म्हणजे ‘फक्त आठवड्याला अमुक’. काचांची फिल्म बाहेर बरीच स्वस्त होते. वाढीव वॉरंटी विकत घेण्याआधी एवढं ठाऊक असू द्या की ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याची हमी कंपनीच्या वॉरंटीबरोबर संपत नाही. वाजवी काळ चालायला हवी ती वस्तू वाजवी काळ चाललीच पाहिजे. ‘नको, धन्यवाद’ एवढंच म्हणा. कारणं दिलीत की उत्तरं तयार असतात.

कर्ज डीलरकडूनच घेणार असाल तर व्याजदर बाजूला ठेवा आणि कंपॅरिझन रेट विचारा, त्यात फी धरलेली असते. ‘बलून’ किती ते विचारा: हप्ता लहान दिसतो कारण शेवटी पंधरा-वीस हजार एकदम भरायचे असतात. डिपॉझिट देण्याआधी करार मोडण्याच्या अटी वाचा. व्हिक्टोरियात परवानाधारक डीलरकडे तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत सहसा मिळते. न्यू साउथ वेल्समध्ये डीलरने कर्ज जुळवलं असेल तरच, आणि एकाच दिवसाची.

जुनी घेत असाल तर

पीपीएसआर, म्हणजे गाड्यांवरच्या कर्जाची सरकारी नोंदवही, तपासा. सरकारी साइटवर दोन डॉलर लागतात आणि गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची किंवा मोडीत काढलेली आहे का ते कळतं. तेच पंचवीस-तीस डॉलरला विकणाऱ्या साइट शोधात वर येतात, त्यांना टाळा. व्हिक्टोरियात रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) मागा. मग गुडघ्यावर बसा: टो बार घासलेला, टो बॉलची प्लेट वाकलेली, मागचे पाटे सपाट झालेले, चेसिसला वेल्डिंग, टबच्या तळाला आतून फुगवटे. खाणीतून आलेल्या गाड्या स्वस्त आणि चकाचक असतात. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, मुळाशी लाल धूळ निघाली तर कुठून आली ते समजेल. कुलंट आणि डीपीएफची सर्व्हिस कधी झाली, वहीत शिक्के आहेत का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ताब्यात घेताना

दिवसा उजेडी घ्या, संध्याकाळी सहाला नको. जादाचं टायर, जॅक, दोन्ही चाव्या, ठरलेल्या ॲक्सेसरीज यादीशी ताडून बघा. चार्जिंग केबल असेल तर तिथेच लावून पाहा.

विमा शोरूममधून निघण्याआधी सुरू करा. सक्तीचा विमा माणसांच्या इजेपुरता असतो. समोरच्या टेस्लाचा बंपर त्यात येत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह घेताना बुल बार, कॅनोपी, ट्रे, लिफ्ट किट हे सगळं नावाने लिहून द्या, कारण न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी विमा कंपनीला बरोबर आठवतो. टबमध्ये ठेवलेली अवजारं गाडीच्या विम्यात सहसा नसतात. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते, आणि साइटवरून चोरीला जाणाऱ्या वस्तूंत ड्रिल मशीनचा नंबर बराच वर आहे, तेव्हा कॅनोपीला कुलूप चांगलं लावा.